पागनीसांचा नारळ

सरकारकडे पैसा मागायचा तर भरपूर मागावा, म्हणजे निम्मा तरी पदरात पडतो, असं वनविभागाच्या उज्जैन कार्यालयात येणारा प्रत्येक साहेब सांगत असे. अनसूयाबाई पागनीस तिथे लेखाशाखेच्या प्रमुख होत्या. साहेब येत नि जात, सूत्र तेच राही, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरे. सेमलखेडीच्या बीडाच्या बाबतीत मात्र याच सूत्राने त्यांचा घात केला. ते त्यांच्या ध्यानात यायला तीन वर्षं आणि एक नारळ खर्ची पडले.

बीड म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण आठवतं. माळव्यात बीड म्हणजे राखलेलं गवताचं रान. सेमलखेडीचं बीड एकेकाळी दरबारच्या घोड्यांसाठी राखलेलं होतं. पुढे घोडे गेले, दरबार गेला, गवत तेवढं राहिलं. पावसाळ्यात ते कमरेला लागलं की तिथे खरमोर येतात. मराठी पुस्तकांत त्याला तणमोर म्हणतात. पक्षी कोंबडीएवढा, पण श्रावणात नराच्या अंगात येतं. गवतातून सरळ वर उडी मारतो, खाली पडतो, पुन्हा वर, असं दिवसभर चालतं. हे सगळं मादीने बघावं म्हणून. मादी बघते की नाही कोण जाणे, अनसूयाबाईंनी मात्र बघितलं होतं.

लग्न होऊन त्या ग्वाल्हेरहून उज्जैनला आल्या, त्या वर्षीच सासरे त्यांना बैलगाडीतून बीड दाखवायला घेऊन गेले. एकवीस वर्षांची पोर, माहेरची आठवण काढून रात्री उशी भिजवणारी. समोरच्या हिरव्या गवतातून एक काळापांढरा पक्षी टुणकन वर आला आणि ती खळखळून हसली. सासरी आल्यावर पहिल्यांदाच. त्या दिवसापासून तिचा त्या रानावर जीव जडला, तो कायमचा.

परतताना सासऱ्यांनी तिला पागनीसांची रीत सांगितली. पागनीस म्हणजे पागेचा हिशेब ठेवणारे. घोड्यांचं गवत कधी कापायचं हे त्यांनी ठरवायचं. दसरा जवळ आला की पागनीसांच्या घरून भैरवगढच्या छापाच्या कापडात गुंडाळलेला नारळ सेमलखेडीच्या पटेलाकडे, म्हणजे तिथल्या पाटलाकडे, जाई. पटेल तो बीडाच्या तोंडाशी भेरूजीच्या, म्हणजे भैरोबाच्या, दगडावर फोडी. मगच गवताला विळा लागे. पहिला भारा पागनीसांना, त्यांनी त्याला कुंकू लावून 'घेतला' म्हटलं की उरलेलं गवत गावाचं. नारळ येईपर्यंत बीडात कुणी शेळीसुद्धा सोडत नसे.

"आणि भारा घेतला नाही तर?" तिने विचारलं होतं.

"तर नारळ फुटलाच नाही असं समजतात," सासरे म्हणाले. "माझ्या आजोबांनी एकदा नाकारला होता. पाऊस उशिरा झाला होता त्या साली, गवत कच्चं होतं. गाव मुकाट परत गेलं."

सासरे वारले, जुन्या शहरातलं भाड्याचं घर सुटलं, पागनीस नानाखेड्याच्या नव्या कॉलनीत राहायला आले. रीत मात्र बिऱ्हाडासोबत आली. दर दसऱ्याला सेमलखेडीचा पटेल डोक्यावर गवताचा भारा घेऊन बसमधून उतरे नि कॉलनीच्या फाटकातून आत येई. शेजारच्या बंगल्यातली मुलं गच्चीवर गोळा होत. अनसूयाबाई पटेलाला श्रीखंड-पुरी जेवू घालत. भारा दूधवाल्याच्या म्हशीच्या पोटात जाई. घरात कुणालाच यात गंमतीपलीकडे काही दिसत नसे, अनसूयाबाईंनाही नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मग उदारीकरण आलं. माळव्यात ते सोयाबीनच्या रूपाने आलं. पडीक जमिनी नांगरल्या गेल्या, चराईच्या जागा गेल्या, आणि एका सोया तेलाच्या कंपनीची नजर सेमलखेडीच्या बीडावर पडली. सडकेला लागून सरकारी जमीन, वर ना घर ना पीक. कागदोपत्री ती 'पडीत' होती. उद्योग खातं तर जमीन द्यायला एका पायावर तयार.

बीड वाचवायचा एकच मार्ग होता: ते अभयारण्य म्हणून जाहीर व्हायला हवं. अनसूयाबाईंनी स्वतः पुढाकार घेऊन प्रस्ताव उभा केला. खात्याच्या नमुन्याप्रमाणे त्यात तारेचं कुंपण होतं, चौकीदारांची पदं होती, निरीक्षण मनोरा, जीप, जीपला ड्रायव्हर. पहिल्या वर्षी उत्तर आलं की सिंहस्थ आहे, पैसा घाटांवर लागलाय. दुसऱ्या वर्षी उत्तर आलं की केंद्राने योजनेचा हात आखडता घेतला आहे आणि नवीन पदांवर बंदी आहे. अनसूयाबाईंनी मनोरा छोटा केला, जीप काढली, तारेचा एक पदर कमी केला. तिसऱ्या वर्षी वित्त विभागाने कळवलं की उपसचिव दिलीप भार्गव स्वतः जागा पाहतील आणि त्यानंतर फाइल कायमची निकालात काढतील. 'निकालात काढणे' याचा सरकारी अर्थ त्यांना ठाऊक होता. वित्त विभागाचा शेरा उलटा पडला की कंपनीचा अर्ज पुढे सरकणार, हे उद्योग खात्यातला कारकून त्यांना हसत हसत सांगून गेला होता.

भार्गव साहेबांचा दौरा श्रावणातल्या मंगळवारी ठरला. भोपाळच्या साहेबांचे उज्जैनचे दौरे श्रावणात सोमवारला लागूनच का ठरतात, हे उज्जैनमधल्या कुणाला सांगावं लागत नाही. सोमवारी महाकालाची सवारी, मंगळवारी सरकारी काम. वनाधिकारी साहेबांनी वारा ओळखला आणि नेमकी मंगळवारची रजा टाकली. "पागनीस मॅडम, आकड्यांचंच तर आहे सगळं. आप ही सँभाल लीजिए," असं म्हणून ते मोकळे झाले.

मंगळवारी सकाळी अनसूयाबाई निघायच्या तयारीत होत्या. प्रभाकरराव, म्हणजे त्यांचे यजमान, वर्तमानपत्र वाचत चहा पीत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी मराठी समाजाचं सचिवपद धरलं होतं आणि सत्कार हा त्यांच्या जीवनाचा आधार झाला होता. कुणी दहावीत पहिला आला, सत्कार. कुणाची बदली झाली, सत्कार. न झाली तरी सत्कार. कपाटात शाली आणि देवघराखाली नारळ यांचा साठा कायम असे.

"तुझ्या साहेबांची चिंता नको करू बिल्कुल," ते म्हणाले. "मी बंदोबस्त करून दिला आहे."

"कसला बंदोबस्त?"

"अगं, इतका मोठा माणूस गावात येऊन राहिला, गावाने सत्कार नको करायला? काल संध्याकाळीच अनिल कंडक्टरकडे थैली दिली. नारळ आणि कापड. शाल गावात कोण घालतं, म्हणून भैरवगढचं छापाचं कापड ठेवलं. एकदम सही दिसेल."

अनसूयाबाईंच्या हातातली पिन निसटून खाली पडली.

"चिठ्ठी ठेवली होती का आत?"

"चिठ्ठी कशाला? अनिलला बोललो ना, पटेलाला सांग, साहेब येतील तेव्हा द्यायचं म्हणून." इतकं बोलून प्रभाकररावांनी चहाचा घोट घेतला, आणि तो घशातच अडकला. अनिल कंडक्टर बसमध्ये कुणाचा निरोप कुणाला सांगायचा हेही विसरतो, अशी त्याची ख्याती होती. आणि भैरवगढच्या कापडात गुंडाळलेला नारळ पागनीसांकडून सेमलखेडीत पोचला, तर त्याचा अर्थ सांगायला कंडक्टर कशाला हवा?

अनसूयाबाई खुर्चीवर बसल्या. यंदा सोयाबीनमुळे सेमलखेडीत गुरांना चरायला वीतभर जागा राहिली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. गाव चाऱ्यासाठी टेकीला आलेलं. अशात नारळ आला तर श्रावण आहे की आश्विन हे कोण बघत बसेल, आणि भारा 'घेतला' म्हणेपर्यंत तरी कोण थांबेल? बीडात खरमोरांची अंडी जमिनीवर उघडी पडलेली. ज्या दिवशी साहेब बीड बघायला येणार त्याच दिवशी ते कापलेलं असणार, आणि कापायची परवानगी खुद्द पागनीसांनी दिलेली. आपल्या घरानेच आपल्या फाइलीचा गळा कापावा, याहून नामुष्की ती काय? त्यांना रडू आलं. ते त्यांनी गिळलं, कारण खाली जीपचा हॉर्न वाजला होता.

"चला," त्या म्हणाल्या.

"मी? मी कुठे?"

"जीपमध्ये. मी सून आहे, पागनीस तुम्ही. नारळ तुम्ही पाठवलात, आता तुम्हीच बघा."

प्रभाकररावांनी पायजमा बदलायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

जीपमध्ये भार्गव साहेब पुढे बसले होते. कपाळावर महाकालाचं भस्म, मांडीवर फाइल. माणूस कोरडा पण सज्जन दिसत होता. प्रभाकररावांचा परिचय "जागेचे जाणकार" असा करून दिला गेला, आणि चुरगळलेल्या पायजम्यातल्या त्या जाणकाराला साहेबांनी आदराने नमस्कार केला. जीप देवास गेटपाशी आली तेव्हा साहेब म्हणाले, "भई, उज्जैन आए और पोहा नहीं खाया तो क्या आए."

पोहे खाल्ले गेले. जिलेबीही मागवली गेली. वरची शेव संपली म्हणून दुकानदार नवीन पुडा फोडायला आत गेला तो लवकर येईना. अनसूयाबाईंच्या डोळ्यांपुढे विळे चालत होते. प्रभाकरराव मात्र अशा स्थितीतही दोन बशा पोहे खाऊन बसले. काही माणसांची भूक काळजीने वाढते, त्यातले ते.

सडक सोडून जीप कच्च्या रस्त्याला लागली. वळण घेतल्यावर बीड दिसलं. हिरवंगार, उभं, वाऱ्यावर डुलणारं. अनसूयाबाईंनी सुस्कारा सोडला, आणि पुढच्याच क्षणी त्यांना भेरूजीच्या दगडाशी उभं असलेलं सगळं गाव दिसलं. पुरुष, बाया, हातात विळे, डोक्याला फडकी. दगडावर नारळाच्या फुटक्या करवंट्या होत्या. गोपाल पटेलाच्या डोक्याला भैरवगढचं नवं कोरं कापड बांधलेलं होतं आणि पायाशी ताज्या गवताचा एक भारा पडला होता. पहिला भारा. तेवढीच जागा कापली गेली होती.

जीप बघून पटेल हसत पुढे आला.

"आओ, पागनीस साब. तम खुदी आई गया, घणो अच्छो हुयो. म्हें भारो लई ने उज्जैन आने वालो थो."

मागून कुणी म्हातारी म्हणाली की सावनात नारळ आला, भेरूजीला आमच्या ढोरांची दया आली. लोक हसले. सगळे खुशीत होते, आणि ते बघून प्रभाकररावांचा चेहरा आणखीच पडला.

"क्या हो रहा है यहाँ?" भार्गव साहेबांनी विचारलं. "यही वो जगह है? ये तो घास काटने जा रहे हैं."

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. जन्मभर लोकांच्या गळ्यात हार घालणारा माणूस, कुणाला नाही म्हणायची सवय नाही. समोर साठ-सत्तर माणसं, त्यांची उपाशी गुरं, आणि आपल्याच घरून आलेला नारळ. प्रभाकरराव पुढे झाले. भाऱ्यापाशी उभे राहिले. त्यांचा आवाज पहिल्या शब्दाला चिरकला.

"गोपालभाई, हा भारा मी नाही घेत."

ते मराठीतच बोलले. घाबरले की ते मराठीत बोलत. पण गावाला अर्थ कळला, कारण त्या वाक्याची भाषा त्या रानात सगळ्यांना येत होती. हसणं थांबलं. पटेलाने कान जवळ आणला, जणू पुन्हा ऐकायचं होतं.

"चूक माझी आहे," प्रभाकरराव म्हणाले. "नारळ साहेबांच्या सत्कारासाठी होता. बीड उघडण्यासाठी नव्हता. माझी अक्कल घास चरायला गेली होती. पक्ष्यांची अंडी आहेत आत. दसऱ्याला नारळ येईल, वेळेवर येईल. आज मी भारा नाही घेत."

एक तरुण मागून कुरकुरला की नारळ तर फुटला, फुटलेला नारळ काय सांधणार आहे? पटेलाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बराच वेळ भाऱ्याकडे बघत राहिला. त्याच्या दारात चार म्हशी होत्या, हे अनसूयाबाईंना माहीत होतं. मग त्याने खाली वाकून भारा उचलला आणि भेरूजीच्या दगडाला टेकून ठेवला.

"भारो नी लियो, तो नारेल नी फूट्यो," तो म्हणाला. "चलो रे, घरे चलो."

आणि गाव परत फिरलं. बायांनी विळे फडक्यात गुंडाळले. कुरकुरणारा तरुण सर्वांत शेवटी निघाला, पण निघाला. ना कुणी शिवी दिली, ना कुणी वाद घातला. थोड्याच वेळात भेरूजीपाशी पटेल, जीपमधली मंडळी आणि तो भारा एवढेच उरले. अनसूयाबाईंनी पदराने डोळे पुसले. आता रडायला हरकत नव्हती.

भार्गव साहेब जीपला टेकून उभे होते. वित्त विभागात त्यांनी लोकांना नाही म्हणण्यात उभी हयात घालवली होती. एका नकाराला इतक्या लोकांनी मान दिलेला त्यांनी बघितला नव्हता. त्यांच्या नकारावर तर पुढच्याच आठवड्यात मंत्र्यांची चिठ्ठी येत असे.

"इनको आप लोग कुछ देते हैं?" त्यांनी विचारलं.

"दरसाल एक नारळ, साहेब. आणि ते कापड."

"विभाग देता है?"

"नाही. आमच्या घरून जातो."

साहेबांनी फाइल उघडली. पानं उलटली. "बाड़," ते वाचू लागले, "चौकीदार, चौकीदारों के क्वार्टर, और यहाँ लिखा है घास काटना पूर्णतः प्रतिबंधित." त्यांनी मान वर केली. "मैडम, ये सब किससे बचाने के लिए है? इन्हीं से, जो अभी घर चले गए?"

पटेल ऐकत होता. कुंपणाचं त्याला आजच कळत होतं. त्याने कापड डोक्यावरून काढून हातात घेतलं आणि अनसूयाबाईंकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्यांना जास्त लागलं.

"बाई साब, तार लगी जायगा तो हम नारेल काँ फोड़ांगा?"

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो अनसूयाबाईंना त्या क्षणी दिसला. तीन वर्षं त्या भोपाळकडे राखण मागत होत्या, आणि राखण दर दसऱ्याला त्यांच्याच स्वयंपाकघरात श्रीखंड खाऊन जात होती. पैसा मागायच्या नादात त्यांनी ज्यांनी रान राखलं त्यांनाच तारेबाहेर काढलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेमागोमाग एक वेगळंच बळ आलं. हिशेब चुकला आहे हे कळलं की हिशेबनीस घाबरत नाही, तो पेन काढतो.

त्यांनी फाइल मागून घेतली. जीपच्या बॉनेटवर ठेवली.

"साहेब, खात्याच्या नमुन्यात कुंपणाचा रकाना आहे, चौकीदाराचा आहे. नारळाचा नाही. म्हणून माझ्याकडून राहून गेला."

आणि त्यांनी कुंपणावर काट मारली. चौकीदारांवर मारली, क्वार्टरांवर, मनोऱ्यावर. 'पूर्णतः प्रतिबंधित' खोडून तिथे लिहिलं की दसऱ्यानंतर सेमलखेडीच्या ग्रामस्थांचा गवतकापणीचा परंपरागत हक्क कायम राहील. एकेका काटेसरशी त्यांचा हात हलका होत गेला. शेवटी खर्चाच्या एकूण बेरजेपुढे त्यांनी शून्य मांडलं. आजवर त्यांनी मांडलेलं हे सर्वांत सुंदर शून्य होतं, नीट वाटोळं, जोडाला कुठे फट नसलेलं.

"हे घ्या साहेब. आता वित्त विभागाला काही अडचण?"

भार्गव साहेबांनी ते पान वाचलं. मग त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. "अरे मैडम, जिस फ़ाइल में पैसा ही नहीं, उस पर वित्त विभाग आपत्ति किस बात की करेगा?" त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिथेच, बॉनेटवर, शेरा लिहिला: शासनावर कोणताही आर्थिक भार नाही, वित्त विभागाची हरकत नाही. खाली तारीख आणि सही.

ते सही करत असतानाच पटेलाने त्यांच्या दंडाला हात लावला आणि बीडाकडे बोट दाखवलं. माणसं गेली होती, गलका निवला होता. हिरव्या गवतातून एक काळापांढरा पक्षी टुणकन वर आला, हवेत पंख फडफडवले आणि खाली गेला. पुन्हा वर आला. पलीकडच्या उतारावर आणखी एक. साहेबांचं पेन उघडंच राहिलं. "ये दिन भर यही करता है?" त्यांनी विचारलं.

"दिन भर," पटेल म्हणाला. "इणको भी कोई पगार नी मिले."

अनसूयाबाई हसल्या. एकवीस वर्षांची पोर हसली होती तसंच, खळखळून.

नंतरही सगळं लोण्याहून मऊ गेलं असं नाही. वनाधिकारी साहेब रजेवरून आले आणि काट मारलेली फाइल बघून त्यांचा तिळपापड झाला. "पैसाच काढून टाकलात? पैसा नाही तर अभयारण्य कसलं?" अनसूयाबाईंनी उपसचिवांच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. कंपनीचा माणूस भोपाळला दोन खेपा घालून आला, पण त्याला अडवायला जागाच सापडेना. खर्चाचा मुद्दा काढावा तर खर्च नाही, गावाचा विरोध दाखवावा तर ग्रामसभेचा एकमुखी ठराव फाइलीत. शेवटी कंपनीने देवासच्या बाजूला जमीन घेतली. नवरात्राच्या आधी सेमलखेडी खरमोर अभयारण्याची अधिसूचना राजपत्रात छापून आली. प्रभाकररावांनी ती फ्रेम करून आणली आणि बायकोचा सत्कार ठेवायचा घाट घातला. तो मात्र अनसूयाबाईंनी हाणून पाडला. घरात यापुढे शाल-श्रीफळ त्यांना विचारल्याशिवाय कपाटाबाहेर निघायचं नाही, असा नियमही झाला.

त्या वर्षीचा नारळ अनसूयाबाईंनी स्वतः निवडला, हलवून पाणी ऐकून. भैरवगढला जाऊन कापड आणलं. अनिल कंडक्टरच्या हाती दिला नाही. दोघं नवराबायको बसने सेमलखेडीला गेली आणि नारळ पटेलाच्या हातात दिला. गवत आता पिवळं पडलं होतं, पक्षी पिल्लं घेऊन केव्हाच गेले होते. भेरूजीपाशी गाव जमलं, नारळ फुटला, पहिला भारा कापला गेला, आणि यंदा गवत इतकं होतं की पुढचा पावसाळा येईपर्यंत एकाही म्हशीला उपास घडणार नव्हता.

दसऱ्याला पटेल भारा घेऊन नानाखेड्याला आला. यंदा त्याच्यामागे अर्धं गाव होतं आणि कॉलनीतल्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. वनाधिकारी साहेबही आपण होऊन आले. त्यांना आता अभयारण्य आपलंच वाटू लागलं होतं, आणि यशाला बाप पुष्कळ असतात. श्रीखंड खाता खाता ते म्हणाले, "मॅडम, आता हे विभागाचं काम झालं. पुढच्या सालापासून नारळ आणि कापड विभाग देईल. किरकोळ खर्चात टाका. ऑफिशियल होऊन जाईल."

प्रभाकरराव खूश झाले. शासकीय इतमामाचा नारळ, त्यांना कल्पनाच आवडली. पण अनसूयाबाईंनी वाटी खाली ठेवली.

"नाही, साहेब."

"अहो, एका नारळाचा तर प्रश्न आहे."

"त्याचाच प्रश्न आहे. माझी हयात लेखाशाखेत गेली, साहेब. दसऱ्याला मागितलेला नारळ सरकारकडून मार्चमध्ये येतो. एखाद्या वर्षी येतच नाही, म्हणतात तरतूद नाही. मग गावाने काय करायचं? हा नारळ आमच्या घरून जाईल. आम्ही नसू तेव्हा मुलं पाठवतील. याच्यावर सरकारची सही नको."

साहेबांनी थोडा विचार केला आणि आणखी एक पुरी मागितली. तो विषय तिथेच संपला.

अंगणात पटेल भाऱ्यापाशी उभा होता. दरवर्षी कुंकू प्रभाकरराव लावत. त्यांनी कोयरी हातात घेतली, उघडली, आणि बायकोपुढे धरली.

"तू लाव," ते म्हणाले. "मी लावलं तर पुन्हा काही गडबड व्हायची."

अनसूयाबाईंनी पटेलाकडे बघितलं. त्याने मान हलवली. बाईंनी पदर खांद्यावरून घेतला, वाकून त्या वाळल्या सोनेरी गवताला बोटभर कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घेतला."